पाच, सोळा आणि न मोजलेले

कुंकळ्ळीच्या प्रकरणावर जे लिखाण आमच्या वाचनात आले आहे, त्यात दोन संख्या हटकून भेटतात. एका पक्षाच्या लिखाणात पाच, दुसऱ्या पक्षाच्या लिखाणात सोळा. १५८३ च्या जुलै महिन्यात सासष्टीतील या गावी पाच जेझुइट धर्मोपदेशक मारले गेले. त्याचा सूड म्हणून पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी गावच्या सोळा प्रमुख गांवकरांस बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविले आणि त्यांचा घात केला. त्यांतला एक तेवढा साळ नदीत उडी घेऊन निसटला व कारवारकडे गेला, असे परंपरा सांगते. पाचांस रोमच्या धर्मपीठाने १८९३ साली ‘धन्य’ ही पदवी दिली. सोळांचे स्मारक गावात उभे राहावयास एकविसावे शतक उजाडावे लागले. दोन्ही पक्ष आपापल्या मृतांस हुतात्मे म्हणतात, आणि दोन्ही पक्षांचे बहुतेक लेखक दुसऱ्याच्या मृतांचा उल्लेख एका वाक्यात आटोपतात.

घडले काय, हा इतिहासाचा प्रश्न आहे व त्यावर तेओतोनियो द सौझा यांच्यासारख्या इतिहासकारांनी पुष्कळ प्रकाश टाकला आहे. आमचा आजचा विषय त्याहून निराळा आहे. गेल्या तीस वर्षांत गोव्यातील या आणि अशा कथांकडे मानवशास्त्राच्या अभ्यासकांचे लक्ष वळले आहे. त्यांचे लेख इंग्रजीत आहेत, विद्वानांच्या नियतकालिकांत आहेत, आणि ज्या देवस्थानांच्या महाजनांविषयी ते लिहिलेले आहेत त्यांच्या हाती ते क्वचितच पडतात. त्यांचे म्हणणे काय, ते कितपत ग्राह्य आहे, आणि आपण देवळांच्या स्मरणिकांत जी कथा वर्षानुवर्षे छापीत आलो तिच्याकडे त्या प्रकाशात कसे पाहावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मानवशास्त्र म्हटले की आपल्याकडील जुन्या वाचकास कवट्या व नाके मोजणारे शास्त्र आठवते. ते अगदीच चूक नव्हे. इरावती कर्वे यांनीही असली मोजमापे पुष्कळ केली. परंतु त्याच इरावतीबाई पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांबरोबर चालल्या व त्या वाटेवर कोण कोणाबरोबर जेवते आणि कोण वेगळे बसते हे त्यांनी टिपले, तेव्हा त्यांच्या शास्त्राची दुसरी बाजू मराठी वाचकाला दिसली. लोक काय मानतात एवढ्यावर न थांबता, ते काय करतात, आणि मानणे व करणे यांत अंतर पडले तर ते का पडले, हे पाहणे ही ती बाजू होय. हीच दृष्टी कथेवर रोखली म्हणजे काही साधे पण अवघड प्रश्न उभे राहतात. कथा सांगतो कोण? कोणास सांगतो? कोणत्या प्रसंगी? आणि ती सांगितल्याने त्याच्या पदरात काय पडते? ज्या गावात रक्त सांडले आहे तेथे हे प्रश्न विचारणे धारिष्ट्याचे काम आहे, कारण तेथे प्रत्येक ऐकणारा आधी एवढेच विचारतो की, तू कोणाच्या बाजूचा?

या प्रश्नांचे मोल कळावे म्हणून एक दूरचे उदाहरण घेऊ. ते दूरचे आहे म्हणूनच उपयोगी, कारण त्यात आपले कोणी गुंतलेले नाही. लीसा माल्की या विदुषी १९८५-८६ च्या सुमारास टांझानियात, बुरुंडीहून आलेल्या हुतू निर्वासितांत जाऊन राहिल्या. १९७२ साली बुरुंडीत तुत्सींच्या वर्चस्वाखालील सैन्याने हुतूंची जी कत्तल केली, तीतून जीव वाचवून हे लोक सीमेपार आले होते. त्यांतील काही मिशामो नावाच्या एकाकी छावणीत वसविले गेले. काही किगोमा या नगरात स्थानिक लोकांत मिसळून राहिले. छावणीतल्यांची कथा ठरीव होती. देशाचे मूळचे कोण, उपरे कोण, उपऱ्यांनी गायी देऊन मूळच्यांस कसे भुलविले व दास केले, आणि अखेर संहार कसा झाला, हे सारे जणू एकच पोथी सर्वांनी पाठ केली असावी अशा रीतीने सांगितले जाई. नगरातल्यांस अशी कथा हवीच नव्हती. आपण निर्वासित आहोत हे प्रकट करण्याचीही त्यांतल्या पुष्कळांस इच्छा नसे. सोसलेले संकट एक, मूळ देश एक. राहण्याची तऱ्हा निराळी झाली आणि कथा निराळी झाली.

माल्कीबाईंचा ‘प्युरिटी अँड एक्झाइल’ हा ग्रंथ १९९५ साली निघाला. छावणीतील कथेस त्यांनी ‘मिथक-इतिहास’ म्हटले आहे. खोटा इतिहास असा त्याचा अर्थ त्यांना अभिप्रेत नाही. घडलेल्या गोष्टी बऱ्यावाइटाच्या, धर्माधर्माच्या चौकटीत पुन्हा बसवून घेणे, आणि त्या आधारावर आजचे हालाचे जिणे अर्थपूर्ण करणे, असा तो व्यवहार आहे. पुराणश्रवणात वाढलेल्या आपल्या वाचकांस ही कल्पना परकी वाटू नये. या ग्रंथात आम्हांस विशेष भावली ती बाईंची संयमी वृत्ती. लोकांनी जे झाकून ठेवले ते उकरून काढण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. गुप्तहेर होण्यापेक्षा विश्वासू श्रोता होणे त्यांनी पसंत केले. तथापि ग्रंथ बाहेर पडतो न पडतो तोच त्या भूभागातील घटनांनी त्यापुढे एक भयंकर प्रश्न टाकला होता. १९९३ मध्ये बुरुंडीत पुन्हा कत्तली झाल्या, आणि १९९४ मध्ये रवांडात हुतूंच्या हातून तुत्सींचा अमानुष संहार झाला. मिशामोतील निर्वासितांचा रवांडातील त्या पापात हात होता असे आम्ही सुचवीत नाही. परंतु मूळचे कोण आणि उपरे कोण, याच शब्दांत तेथेही माणसे निवडली गेली. छळलेल्यास तगवून धरणारी कथा आणि छळणाऱ्यास शस्त्र पुरविणारी कथा यांची भाषा कित्येकदा एकच असते. ती कोणत्या क्षणी हात बदलते, याचे उत्तर केवळ सहानुभूतीने ऐकून मिळत नाही. ही या पद्धतीची मर्यादा मनात ठेवूनच आपण सासष्टीत परत येऊ.

जेझुइटांची कथा प्रथम लेखी आली व युरोपात पोहोचली, म्हणून तीच आधी पाहू. मारल्या गेलेल्या पाचांचा प्रमुख रुदोल्फ अक्वाविवा. इटलीतील अत्रीच्या सरदार घराण्यातला हा तरुण. अकबर बादशहाच्या दरबारी गेलेल्या पहिल्या जेझुइट मंडळाचा हा नायक होता व तेथून परतल्यावर सासष्टीतील धर्मप्रसाराचे काम त्याच्याकडे आले. जेझुइट संघाचे त्या काळचे सर्वाधिकारी क्लॉदिओ अक्वाविवा हे त्याचे सख्खे चुलते. म्हणजे गोव्याहून रोमला जाणारा हा वृत्तांत पुतण्याच्या मरणाचा होता व वाचणारे चुलते साऱ्या संघाचे धनी होते, ही गोष्ट ध्यानात घेतल्याविना त्या लिखाणाची घडण समजणार नाही. त्यात मान पुढे करणे आहे, प्रार्थना आहे, शस्त्र न उगारणे आहे. सोबतच्या गोन्सालो रोद्रिगिश नामक पोर्तुगीजाने बंदूक सरसावली असता पाद्री पाशेकु यांनी, आपण लढावयास आलो नाही असे सांगून त्याला आवरले, असे हा वृत्तांत म्हणतो. हे खोटे असेलच असे नाही. तसे घडलेही असेल. पण आद्य ख्रिस्ती हुतात्म्यांच्या चरित्रांचा साचा त्या लेखकांच्या मनात पूर्वीच तयार होता आणि कुंकळ्ळीची माती त्यात ओतली गेली, हेही तितकेच उघड आहे.

साच्यात जे बसले नाही ते मात्र बाजूस पडले. त्या दिवशी ही मंडळी कुंकळ्ळीत क्रूस उभारावयास व चर्चसाठी जागा पाहावयास आली होती. त्याआधी काय झाले होते? १५६७ मध्ये राशोलच्या कप्तानाने सासष्टीतील देवळे पाडविली. दोनशे ऐंशी देवळांचा आकडा त्या संबंधात दिला जातो. पुढे कर न देणाऱ्या कुंकळ्ळी व शेजारच्या गावांवर सैन्य चालून आले, देवळे जाळली गेली, आणि त्या स्वाऱ्यांत जेझुइटही होते. गावचे एक पवित्र वारूळ मोडून व गाय मारून ते स्थान विटाळले गेले, हे तर जेझुइट परंपरेतील लेखकांनीच सांगून ठेवले आहे. सांगताना त्यांना संकोच वाटलेला नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ते मातीचे ढेकूळ होते. गोव्याच्या कोणत्याही खेड्यातल्या बाईस विचारा, वारूळ म्हणजे सांतेर, आणि सांतेर म्हणजे गावाची आई. सांतेरीची शांतादुर्गा कशी झाली व वारुळात भूमी आणि मातृत्व ही कशी एकवटली आहेत, याचे विवेचन रा. चिं. ढेरे यांच्या ‘लज्जागौरी’त (१९७८) वाचकांनी पाहावे. ज्या गोष्टीस एक लेखक ‘अंधश्रद्धेचे ढेकूळ मोडले’ म्हणून निकालात काढतो, तीच दुसऱ्याच्या लेखी मातृहत्या असते. जुलैतल्या त्या दिवसाचे सारे गूढ या एका वारुळात आहे, असे म्हणावयास आम्ही तयार आहोत. त्याने खुनाचे समर्थन होत नाही. खून करणारे वेडे किंवा रक्तपिपासू नव्हते एवढेच त्याने कळते.

आता सोळांची कथा. तिच्या आजच्या छापील रूपात दोन शब्द फार वापरले जातात: ‘हुतात्मा’ आणि ‘पहिला’. युरोपीय सत्तेविरुद्ध आशियातील पहिला उठाव, असे बिरुद या प्रकरणास बेधडक लाविले जाते. हे टिकणारे नाही. त्याच शतकात मलबारच्या किनाऱ्यावर कुंजाली मरक्कार पोर्तुगीजांशी पिढ्यानपिढ्या झुंजत होते, हे शाळेतल्या मुलासही ठाऊक असावे. पण मुद्दा केवळ चुकीचा नाही. ‘पहिला’ हे बिरुद लाविताच कुंकळ्ळीचे गांवकर विसाव्या शतकातील देशभक्त होऊन बसतात आणि त्यांचे स्वतःचे कारण नाहीसे होते. त्यांना देश नव्हे, गाव राखावयाचा होता: आपली जमीन, आपली गांवकारी, आपल्या वांगडांचा मान, आणि या सर्वांची मालकीण जी देवी तिचे स्थान. हे कारण राष्ट्राच्या कारणापेक्षा लहान आहे असे आम्हांस वाटत नाही.

या कथेची खरी गुंतागुंत उघडी करण्याचे श्रेय रोवेना रॉबिन्सन यांस दिले पाहिजे. १९९७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये त्यांचा कुंकळ्ळीवरील निबंध आला. प्रतिकाराची ही कथा मोठ्या अभिमानाने सांगणारे केवळ हिंदू नाहीत. त्याच गांवकरांचे ख्रिस्ती झालेले वंशज ती तितक्याच अभिमानाने सांगतात, ही त्यातील मध्यवर्ती गोष्ट. जे चर्चमध्ये गुडघे टेकतात तेच, आपल्या पूर्वजांनी चर्च येऊ दिले नाही म्हणून ऊर भरून बोलतात. बाहेरच्या माणसास यात विसंगती दिसते. पण कथा सांगून काय साधते हा प्रश्न विचारला की विसंगती विरघळते. ख्रिस्ती गांवकर या कथेच्या बळावर, आपण गावाचे मूळ धनी आहोत व म्हणून उत्सवातील मान आपला आहे, हा हक्क जागता ठेवतो. धर्म बदलला तरी वांगड बदलले नाही. कथा देवळाविषयीची जितकी, तितकीच गांवकारीविषयीची आहे, हे ध्यानात आल्यावर आपल्या स्मरणिकांतील ‘हिंदूंनी ख्रिस्त्यांस मारले’ हे सुटसुटीत वाक्य अपुरे वाटू लागते. चर्चच्या पुस्तिकांतील त्याचे उलटे वाक्यही तसेच.

येथे एका मुलाची गोष्ट सांगितली पाहिजे. पाच पाद्र्यांबरोबर त्या दिवशी गोन्सालो रोद्रिगिश व चौदा स्थानिक ख्रिस्ती मारले गेले, अशी नोंद ख्रिस्ती वृत्तांतांत आहे. त्यांत कुंकळ्ळीचाच डॉमिनिक नावाचा एक मुलगा होता. तो राशोलला पाद्र्यांकडे शिकत असे, पूर्वीच्या स्वाऱ्यांत त्याने गावातली देवळे कोठे आहेत ते दाखविले होते, आणि त्याला त्याच्या हिंदू चुलत्याने मारले, असे वृत्तांत सांगतो. एका पुतण्याचा चुलता रोमला बसून वृत्तांत वाचतो आहे. दुसऱ्या पुतण्याचा चुलता कुंकळ्ळीच्या वाटेवर शस्त्र घेऊन उभा आहे. पहिल्या पुतण्याचे अवशेष जुन्या गोव्याच्या महामंदिरात जपले आहेत. दुसऱ्यास रोमने १८९३ च्या यादीत घेतले नाही, आणि आपल्या स्मरणिकांस तर त्याचे नावही ठाऊक नाही. पाचांत तो नाही, सोळांतही नाही. पण या प्रकरणातील सर्वांत असह्य दुःख त्या एका घरात घडले असावे, असे आम्हांस राहून राहून वाटते. त्याची आई कोण होती, तिने कोणाच्या नावाने सुतक पाळले, याविषयी कोणत्याही पक्षाची कथा अक्षर बोलत नाही. सोळांत जशी एकही बाई नाही तशी पाचांतही नाही, आणि देवीची मूर्ती उचलून नेताना पुढे दिवटी धरणारा, मागे ओझे वाहणारा जो सेवेकरीवर्ग असेल त्याचेही नाव कोठे नाही. मोजणाऱ्यांनी आपल्या मानाच्या माणसांपुरतेच मोजले.

देवीच्या जाण्याविषयी आणखी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण तो आपल्या वाचकांच्या नित्य श्रद्धेचा विषय आहे. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्यास गेली. आजही ती कुंकळ्ळीकरीणच म्हणविते. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदोड्यास, मडगावचा दामोदर जांबावलीस, ही नामावळी आपल्यांत लहान मुलांच्याही तोंडी आहे. पॉल अॅक्सेलरॉड व मिशेल फ्युर्श या दोघांचा देवतांच्या या स्थलांतरावरील निबंध १९९६ साली ‘मॉडर्न एशियन स्टडीज’मध्ये आला. पोर्तुगीजांनी जे मोडले ते केवळ पूजास्थान नव्हते. देव हा गावाच्या व्यवस्थेचा कणा होता, आणि म्हणून तो हलविणे हा गावाने केलेला प्रतिकार होता, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते आम्हांस मान्य आहे. मात्र त्यांच्या शीर्षकातील शब्दाचे ‘देवांचे पलायन’ असे मराठी कोणी करील तर ते आम्हांस मान्य होणार नाही. पलायन या शब्दास पाठ दाखविल्याचा वास आहे. आपल्या आयाबाया म्हणतात, ‘देवी उठून गेली’, ‘देवाने तिकडे ठाव घेतला’. उठून जाणारा रागावलेलाही असू शकतो, आणि उठून गेलेला परत येण्याची वाट मोकळी असते.

परंतु याच ठिकाणी आपल्या स्थळकथांकडेही टीकेच्या दृष्टीने पाहावे लागते. देव नव्या जागी आल्याच्या कथा पाहाव्यात: गाय रोज एका जागी पान्हा सोडते, गुराखी पाहतो, खणताच लिंग सापडते, किंवा भक्तास स्वप्नात दृष्टांत होतो. कथा सुंदर आहेत. पण त्यांत सैन्य नाही, जळलेले देऊळ नाही, रात्री नदी ओलांडताना भेदरलेली माणसे नाहीत. नवी जागा जणू अनादि काळापासून देवाचीच होती असे सांगून कथा जखमेवर साय धरते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) या ग्रंथातील एका निबंधात जुन्या काबिजादीतील ग्रामसंस्थेच्या निमित्ताने सह्याद्रिखंडाची कथा इतिहासाच्या कसोटीस लाविली, तेव्हा पुष्कळांस तो अधर्म वाटला असेल. आम्हांस त्यात अधर्म दिसत नाही. पण कोसंबींच्या कसोटीत जे हाती लागत नाही ते मानवशास्त्रज्ञाच्या कानास लागते. ज्या पिढीने प्रत्यक्ष पाहिले तिला ते पुन्हा उच्चारवले नसेल, आणि गायीच्या पान्ह्याची कथा सांगणे ही तिची बोलण्याची एकमेव रीत असेल. मौन हाही कथेचाच भाग असतो.

मौनाच्या उलट टोकास फाल्गुनातला छत्रोत्सव आहे. वर्षातून एकदा देवी फातर्प्याहून मिरवत कुंकळ्ळीस आपल्या मूळ स्थानी येते. बारा वांगडांची बारा छत्रे तिच्याबरोबर नाचत येतात, गुलाल उधळतो, आणि गावचे ख्रिस्ती गांवकरही त्या सोहळ्यात सहभागी होतात. वर्तमानपत्रे यास धार्मिक सलोख्याचा नमुना म्हणून दरसाल गौरवितात. अलेक्झांडर हेन यांनी गोव्यातील हिंदू-ख्रिस्ती संबंधांवरील आपल्या २०१४ च्या ग्रंथात अशा सहभागामागील ग्रामनिष्ठेची गंभीर चर्चा केली आहे. वर्तमानपत्री सलोख्यापेक्षा ती पुष्कळ खोल जाते. छत्र बारा वांगडांचे आहे. ज्याचे वांगड नाही त्यास छत्रही नाही, मग तो हिंदू असो वा ख्रिस्ती. म्हणजे या मिरवणुकीत रेषा आहे, पण ती धर्मांच्या मधून जात नाही. गांवकर आणि गांवकर नसलेला यांच्या मधून जाते. तरीही १५८३ ने ज्यांची ताटातूट केली त्यांचे वंशज एका देवीपुढे एकत्र चालतात ही गोष्ट लहान नाही. तोंडी कथा ज्यांस शत्रू म्हणते त्यांस पायांची कथा भाऊबंद म्हणते. दोन्ही कथा एकाच गावाच्या आहेत आणि पायांची कथा कोणी लिहून ठेवीत नाही. ती पाहण्यास मानवशास्त्रज्ञाचा डोळा लागतो, आणि या शास्त्राची आपणांस जर काही गरज असेल तर ती येथे आहे.

अशी गरज मान्य करूनही या पंडितांविषयी आमची एक तक्रार राहते. ‘कथा रचली जाते’, ‘ओळख घडविली जाते’, ‘भूतकाळ निर्माण केला जातो’ ही त्यांची भाषा इतकी सरसकट झाली आहे की, वाचणाऱ्यास अखेर काही घडलेच नव्हते असा भास व्हावा. देवळे रचनेत मोडली नाहीत, दगडांत मोडली. असोळण्याच्या किल्ल्यात जे मेले ते रूपक म्हणून मेले नाहीत. मिशामोत माल्कीबाईंनी कथेची शहानिशा करण्याचे टाळले ते समजण्याजोगे आहे. भोवताली भीती होती आणि आठवणी कोवळ्या होत्या. गोव्यात चारशेहून अधिक वर्षे लोटली आहेत, पोर्तुगीज दफ्तरे आहेत, कोमुनिदादींचे कागद आहेत. येथे शहानिशा टाळण्यास तसे कारण नाही. कथा काय करते हे सांगणाऱ्याने, ती कोठे खरी आहे आणि कोठे नाही हेही, जेथे सांगता येते तेथे सांगितले पाहिजे. अन्यथा ‘दोनशे ऐंशी देवळे’ आणि ‘आशियातील पहिला उठाव’ ही दोन्ही विधाने एकाच तागडीत जाऊन बसतात. त्यांतले एक कागदाशी ताडून पाहता येण्याजोगे आहे व दुसरे केवळ हौशी, हा भेद नाहीसा होतो. त्याचा लाभ अखेर हौशी माणसासच मिळतो. मिशामोच्या उदाहरणात जी भीती आम्ही वर बोलून दाखविली ती येथेही लागू आहे. सोळांची कथा आज जे व्याख्याते सभांतून सांगतात, त्यांतले काही तिच्यातून ख्रिस्ती गांवकर अलगद वगळतात. ज्याच्या वांगडाचे छत्र देवीबरोबर नाचते तोच माणूस त्या कथेत परका ठरतो. कथेने हात बदलण्यास एवढे पुरते.

दुसरी अडचण भाषेची आहे. कुंकळ्ळीची कथा घरांत कोकणीत सांगितली जाते, हिंदू घरांतही आणि ख्रिस्ती घरांतही. देवळाच्या स्मरणिकेत ती संस्कृतप्रचुर मराठी होते, चर्चमध्ये रोमी लिपीत जाते, सरकारी दफ्तरात ती पोर्तुगीज होती, आणि संशोधकाच्या वहीत इंग्रजी. प्रत्येक उतरणीत काही गळते. ‘देवी उठून गेली’ याचे मराठीत ‘देवीचे स्थलांतर झाले’ असे होताच देवीचा राग गळाला. ‘त्यांनी दगा केला’ याचे इंग्रजीत काय होत असेल ते आम्हांस सांगवत नाही. या पत्रिकेत दोन्ही भाषांस जागा आहे. फातर्पे, कुंकळ्ळी, वेरोडे, असोळणे, वेळ्ळी, आंबेली येथील ज्या घरांत ही कथा अजून आजीच्या तोंडी आहे, त्या घरांतील तरुणांनी ती आहे त्या कोकणीत उतरून काढावी. वाक्ये सुधारू नयेत. आजी मध्येच थांबली तर कोठे थांबली तेही लिहावे, आणि तिला डॉमिनिकाविषयी काही ठाऊक आहे का, हे एकदा विचारून पाहावे. मराठी करण्याची घाई नको. तशी टाचणे हाती आली तर आम्ही ती हिंदू घरातली व ख्रिस्ती घरातली शेजारी शेजारी छापू.